बंदुकीचा काळा रंग उडाला तर: आधी मीठ, मग गंज, रंग सगळ्यात शेवटी

भात कापून झालं की कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका पुसायला बाहेर काढतात. पावसाळाभर रानडुकरांच्या पाळतीवर मांगरात नाहीतर माळ्यावर नेलेली बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी उजेडात धरली, की हात पडतो तिथे नळी पांढरी झालेली दिसते, बॉडीच्या (नळीमागच्या, यंत्रणा असलेल्या पोलादी भागाच्या) कडा चमकतात आणि नळीच्या तोंडाशी तांबूस ठिपके आलेले असतात. मग कोणी पॉलिशपेपर आणतं, कोणी चिंच, कोणी काळ्या रंगाचा स्प्रे. तिन्हींमुळे बंदूक आधीपेक्षा वाईट दिसू लागते, आणि पुढच्या पावसात गंजही जास्त धरते.

चुका बहुतेक एकाच कारणाने होतात: क्रम उलटा लागतो. लोक रंगापासून सुरुवात करतात. रंग शेवटी येतो, आणि निम्म्याहून अधिक बंदुकांना तो द्यावाच लागत नाही.

खाली आहे ते फक्त बाहेरून दिसणाऱ्या झिजेबद्दल. चाप, घोडा, बिजागिरीचा ढिलेपणा, नळीला पडलेला पोचा, नळीच्या आतली खड्डेदार गंज ही कामं घरची नाहीत. दुरुस्तीसाठी परवाना असलेल्या कारागिराकडेच ती न्यायची.

१. बंदूक रिकामी करा, मग काय झिजलंय ते ओळखा

बंदूक उघडा. काडतुसाचं घर (दुनळीत दोन्ही घरं) डोळ्यांनी पाहा, मग बोट घालून पाहा. मागच्या बाजूने नळीतून उजेड दिसला पाहिजे. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. काम अर्धवट ठेवून जेवायला उठलात, तर परत बसताना हे सगळं पुन्हा.

आता बंदूक दारात उजेडाला धरा. नळीचा तो काळपट निळा रंग म्हणजे ब्ल्यूइंग. तो वरून लावलेला थर नसतो. पोलादाच्या पृष्ठभागाचंच काळ्या लोह-ऑक्साइडमध्ये रूपांतर केलेलं असतं, आणि तेही अगदी पातळ. तो स्वतः गंज फारसा अडवत नाही. तेल धरून ठेवतो आणि ते तेल गंज अडवतं. हे एकदा लक्षात आलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात.

दिसणारे डाग चार प्रकारचे असतात:

पांढरा, गुळगुळीत पट्टा. डाव्या हाताची पकड, बॉडीच्या कडा, ट्रिगर गार्ड, भिंतीला टेकतं ते नळीचं तोंड या जागा. ही निव्वळ वापराची झीज. तेल असेल तर यापासून काहीही धोका नाही.

तपकिरी, सपाट, बोटाला न लागणारा डाग. ही जुनी, शांत झालेली गंज. तेलाच्या पांढऱ्या फडक्याने पुसली तर फडकं लाल होत नाही. हिला सोडून द्या.

नारिंगी किंवा तांबडी भुकटी. फडकं लगेच लाल होतं. ही जिवंत गंज, आणि खरं काम हिचंच आहे.

नखाला अडकणारा खड्डा. इथे पोलाद खाल्लं गेलंय. त्यातली गंज थांबवता येते, खड्डा भरून येत नाही. नळीच्या मागच्या भागात, काडतुसाच्या घराजवळ असे खड्डे दिसले तर बार काढू नका, कारागिराला दाखवा.

तपासा: जुन्या विलायती बंदुकीच्या नळीवर वेलबुट्टीसारखी नागमोडी नक्षी दिसते का? ती दमास्कस नळी, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली जुनी नळी, असू शकते. तिचा रंग वेगळ्या रीतीने आणलेला असतो. तिला तेलाच्या फडक्यापलीकडे काही करायचं नाही. तसंच बॉडीवर निळे, पिंगट, करडे ढग असतील तर ते पाणी देताना, म्हणजे पोलाद तापवून-विझवून कठीण करताना, आलेले मूळ रंग आहेत. ते घासून गेले की घरी परत येत नाहीत.

तपासा: आधीच्या कोणी रंग मारून ठेवलाय का? लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या जागी ॲसिटोनचा बोळा फिरवा. बोळ्यावर काळा लगदा आला तर तो रंग आहे. ब्ल्यूइंग ॲसिटोनने निघत नाही.

२. साहित्य आणि वेळ

वेळ आधी. हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत करा. जुलैत हवाच इतकी ओली असते की उघडं केलेलं पोलाद तुमच्या डोळ्यांदेखत तांबूस होतं. पावसात गंज दिसली तर फक्त तिसरा आणि चौथा टप्पा करा, रंगाचं काम पुढे ढकला.

साहित्य असं:

धुतलेलं जुनं सुती कापड, भरपूर. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी. बंदुकीचं तेल; ते नसेल तर शिलाई मशीनचं पातळ खनिज तेल. चार शून्यांची, म्हणजे ०००० नंबरची स्टील वूल. भांड्यांची तारेची घासणी नव्हे, हिरवी घासणीही नव्हे. तांब्याच्या जाड तारेचा तुकडा, टोक ठोकून चपटं केलेला. ॲसिटोन. नायट्राइलचे हातमोजे. कापसाच्या काड्या. अपघर्षक नसलेलं साधं पेस्ट वॅक्स. शेवटी लागलंच तर कोल्ड ब्ल्यूची, म्हणजे न उकळता नुसता लावून पोलाद काळं करायच्या द्रावाची, छोटी बाटली.

आणि काय आणायचं नाही ते. चिंच, कोकम, लिंबू, व्हिनेगर, बाजारातला गंज काढायचा द्राव, संडास साफ करायचं ॲसिड: आम्ल लाल गंजेबरोबर काळं ऑक्साइडही खातं. देवघरातल्या समईला जे शोभतं ते नळीला लावलं की ठिपक्याच्या जागी रुपयाएवढा पांढरा डाग पडतो. पितळ चमकवायचं पॉलिशही नको, त्यात घासणारी पूड असते. खोबरेल नको, चोविसेक अंशांखाली ते थिजतं, दिवस गेले की चिकट होतं आणि धूळ धरतं. मोटारीचं जळकं तेल तर मुळीच नको, त्यात काजळी आणि आम्ल दोन्ही असतात.

३. आधी मीठ काढा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. घाटावर तो गाळला तरी फारसं बिघडत नाही. दापोली, गुहागर, देवगड, वेंगुर्ल्यात समुद्र दिसतो अशा घरात बंदूक असेल, तर तिच्यावर मिठाचा न दिसणारा थर बसलेला असतोच. वर हाताच्या घामाचं मीठ वेगळं. मीठ तेलात विरघळत नाही. त्यावर तेल पुसलं की मीठ तेलाखाली झाकलं जातं, हवेतला ओलावा ओढत राहतं आणि खालून गंज चालू राहते. ‘दर आठवड्याला तेल देतो तरी ठिपके येतातच’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा इथे असतं.

मीठ पाण्यातच विरघळतं, म्हणून बंदुकीला पाणी लावावं लागतं. घाबरू नका, पण प्रमाण सांभाळा.

नळी, बॉडी आणि पुढचं लाकूड मोकळं करा. रोज बंदूक सुटी करतो तेवढंच. स्क्रूंना हात लावायचा नाही. कापड डिस्टिल्ड पाण्यात भिजवून घट्ट पिळा, इतकं की थेंब पडता कामा नये. नळी एका टोकाकडून दुसरीकडे पुसा, कापडाची बाजू बदलत राहा. दुनळीच्या मधल्या पट्टीच्या कडा, माशीचा (नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या मण्याचा) बुंधा, ट्रिगर गार्डची आतली बाजू या जागा काडीने पुसा. लगेच कोरड्या कापडाने पुसा. मग वीस-पंचवीस मिनिटं कोवळ्या उन्हात ठेवा, हाताला कोमट लागेल इतकीच.

विहिरीचं पाणी वापरू नका. खाडीकाठच्या कित्येक विहिरी उन्हाळ्याकडे मचूळ होतात, आणि पाणी उकळून मीठ जात नाही. शंभर रुपयांच्या आत डिस्टिल्ड पाण्याचा कॅन मिळतो, तिथे काटकसर कशाला?

सावधान: घोड्याच्या आणि चापाच्या फटींत ओलं कापड कोंबू नका. आत गेलेलं पाणी बाहेरून पुसता येत नाही.

४. जिवंत गंज काढा

नळी कोमट असतानाच तांबड्या ठिपक्यांवर तेलाचे थेंब सोडा आणि निदान एक रात्र ठेवा. दोन रात्री ठेवलंत तर काम अर्धं होतं. भिजल्याशिवाय घासायला घेणं ही इथली मोठी चूक. कोरडी गंज स्वतःच पूड बनून आजूबाजूचं ब्ल्यूइंग खरवडते.

दुसऱ्या दिवशी आधी तांबं. चपट्या तारेच्या कडेने तेलातच हलकं खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ आणि गंजेच्या पापुद्र्याला पुरेसं कठीण. पापुद्रा उठतो, नळीला ओरखडा जात नाही. जुना तांब्याचा पैसा घरात असेल तर त्याची कड छान चालते. आजची एक-दोन रुपयांची नाणी मात्र स्टेनलेस स्टीलची आहेत. ती वापरलीत तर ओरखडे पडतील.

मग तेलात भिजवलेली ०००० वूल, दोन बोटांनी, नळीच्या लांबीच्या दिशेने. गोल गोल घासू नका. गोल घासलेली जागा नंतर उजेडात वर्तुळासारखी दिसते. दहा-बारा फेऱ्या झाल्या की पुसा, पाहा, पुन्हा तेल. दाबायचं नाही. दाबावंसं वाटलं तर समजा, आणखी एक रात्र भिजवायला हवं.

कापड लाल यायचं थांबलं की तुम्हीही थांबा. खाली राहिलेला काळसर-तपकिरी डाग काढायच्या मागे लागू नका. तो काढायला गेलात तर भोवतालचं चांगलं ब्ल्यूइंग जातं आणि डाग जिथल्या तिथे राहतो.

सावधान: नंबर, कारखान्याचं नाव, नळीवरचे चाचणीचे ठसे यांच्यावर वूलसुद्धा नको. तिथे फक्त तेल आणि कापड. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचा नंबर किंवा ओळखीची खूण पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे. घासून अस्पष्ट झालेला नंबर परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी दाखवायला गेलात तर ‘पॉलिश करताना गेला’ हे उत्तर कोणी ऐकून घेणार नाही.

५. थांबा. रंग खरंच हवाय का?

गंज गेलेली, तेल लावलेली बंदूक आठवडाभर ठेवा आणि मग पाहा. माझं मत स्पष्ट आहे: हातांनी झिजलेल्या कडा तशाच ठेवाव्यात. त्यावर घरी चढवलेला रंग काही महिन्यांत पुन्हा उडतो, तोवर शेजारच्या मूळ रंगाशी जुळत नाही, आणि जुनी चांगली बंदूक असेल तर डागडुजीमुळे किंमत उतरते.

रंग द्यावा असे प्रसंग थोडे. उजेडात चमकून डोळ्यांवर येणारी मधल्या पट्टीची पांढरी जागा. गंज काढल्यावर उघडा पडलेला एखादा डाग. नवीन ओरखडा. ब्ल्यूइंग असलेल्या पोलादाला हे लागू. स्टेनलेस, क्रोम किंवा निकेलचा मुलामा, ॲल्युमिनियम यांवर कोल्ड ब्ल्यू चढत नाही.

संपूर्ण नळी काळी करायची असेल तर बाटलीच्या वाटेला जाऊ नका. सगळी नळी कोल्ड ब्ल्यूने केली की ढगाळ, पट्टेपट्टे दिसते. ते काम कारागिराचं, आणि त्यातही दुनळीच्या मालकाने एक प्रश्न आधी विचारायचा: कोणत्या पद्धतीने करणार? कॉस्टिक सोड्याच्या कढत टाकीत, साधारण १४० अंशांना, एकनळी किंवा सुटे भाग चांगले निघतात. दुनळीच्या नळ्या आणि पट्टी मात्र बहुधा कथील-शिशाच्या डाखाने जोडलेल्या असतात. कढत कॉस्टिक तो डाख खातं, पट्टी सुटते, आणि पट्टीखाली अडकलेलं क्षार पुढे कधीतरी फुलून वर येतं. दुनळीला रस्ट ब्ल्यूइंग हवं, म्हणजे मुद्दाम हलकी गंज आणून, ती पाण्यात उकळून काळी करून, घासून, पुन्हा पुन्हा. महाग आणि वेळखाऊ. ‘टाकीत बुडवून संध्याकाळी देतो’ म्हणणाऱ्याकडून दुनळी परत घेऊन या. बंदूक सोपवताना नंबर लिहिलेली पावती घ्यायचीच.

६. डागापुरतं कोल्ड ब्ल्यू

या बाटलीत बहुधा सेलेनियमचं संयुग, तांब्याचं क्षार आणि आम्ल असतं. विषारी आहे. हातमोजे, उघडी पडवी, पोरं लांब. स्वयंपाकघरातली वाटी वापरू नका. ॲसिटोन पेट घेतं, म्हणून चूल, बिडी, देवापुढचा दिवा काहीही जवळ नको. लाकडी दस्ता सुटा करता येत नसेल तर चिकटपट्टीने झाकून घ्या; ॲसिटोनने त्याचं पॉलिश उठतं.

पहिलं, तेल काढणं. डाग आणि भोवतालचा थोडा भाग ॲसिटोनने पुसा, बोळा स्वच्छ येईपर्यंत. यानंतर त्या जागेला उघडं बोट लावायचं नाही. वापरायची वूलही ॲसिटोनमध्ये धुऊन वाळवा, कारण ती कारखान्यातून तेल लावूनच येते. पेट्रोल नको, मागे तेलकटपणा ठेवतं. नेलपॉलिश काढायच्या द्रावातही तेलं मिसळलेली असतात.

तपासा: डागावर डिस्टिल्ड पाण्याचा थेंब टाका. पसरून पातळ झाला तर जागा स्वच्छ. अळवावरच्यासारखा गोळा राहिला तर तेल शिल्लक आहे, पुन्हा ॲसिटोन. बहुतेकांचं काम फसतं ते इथे, आणि दोष बाटलीला जातो.

दुसरं, नळी कोमट करा. ऊन किंवा हेअर ड्रायर. हात ठेवता आला पाहिजे.

तिसरं, बाटलीतून चार थेंब वेगळ्या प्लास्टिकच्या झाकणात घ्या. काडी बाटलीत बुडवू नका आणि उरलेले थेंब परत बाटलीत ओतू नका, उरलेला द्राव खराब होतो. काडीने डागावर लावा, डागाच्या मधून कडेकडे नेत, कडेला पातळ करत. अर्धा ते एक मिनिट. जागा काळी होते. लगेच डिस्टिल्ड पाण्याच्या कापडाने दोन-तीनदा पुसा, वाळवा, धुतलेल्या वूलने हलकेच एकदा फिरवा. पुन्हा लावा. दोन-तीन थरांनी जे येतं तेवढंच येणार. जास्त थर दिले की तांबूस झाक येते.

चौथं, आम्ल मारणं. चिमूटभर खायचा सोडा पाण्यात विरघळवून त्या कापडाने पुसा, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने, मग कोरडं, मग थोडं ऊन. त्यावर भरपूर तेल लावून रात्रभर ठेवा.

सावधान: नळीच्या आत, काडतुसाच्या घरात, चापाच्या यंत्रणेत हा द्राव जाऊ द्यायचा नाही.

पुढचा आठवडाभर ती जागा रोज बघा. दमट हवेत कोल्ड ब्ल्यूच्या कडेने बारीक गंज उठते. उठली तर तेल आणि कापड. पुन्हा रंग नको. आठवडा शांत गेला की वॅक्सचा अगदी पातळ हात द्या आणि मऊ कापडाने चोळा. खाऱ्या वाऱ्यात हातात धरायच्या जागी तेलापेक्षा वॅक्स जास्त टिकतं, कारण ते सहज पुसलं जात नाही.

रिव्हॉल्व्हर असेल तर

क्रम तोच, पण दोन खुणा ओळखून सोडायच्या. सिलिंडरभोवती फिरलेली बारीक रेघ ही यंत्रणेच्या खटक्याची आहे; काळी केली तरी पुन्हा उठणार. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावरची काळी वर्तुळं ही जळक्या दारूची. ती चकचकीत करायला शिसं काढायचं रासायनिक कापड चोळलं तर त्या भागाचं ब्ल्यूइंगही त्याच कापडावर येतं. नळीच्या टोकाची झीज बहुधा चामड्याच्या म्यानाची असते. म्यान कमरेला असेपर्यंतच. रात्री शस्त्र त्यातून बाहेर काढून ठेवा.

७. दस्ता

फार नको. ओल्या कापडाने पुसा, सुकवा, दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्या जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहाताने चोळा, तासाभराने जादा तेल पुसून टाका. चकचकीत व्हार्निश असेल तर तेल आत जातच नाही, नुसतं वॅक्स लावा.

सावधान: जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. अंगणात पसरून सुकवा, मग टाका.

८. ठेवायचं कुठे

चिऱ्याच्या भिंतीला खुंटीवर टांगलेली बंदूक पावसाळाभर ओल पिते. चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या खोळीत, गोणपाटात, स्पंजच्या पेटीत ठेवलेली त्याहून जास्त. कुलपाचं लोखंडी कपाट, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर, आणि आत बंदूक मोकळी उभी. सिलिका जेल ठेवायची तर कपाटाचं दार घट्ट बसलं पाहिजे, आणि जेलचा रंग बदलला की ती तापवून कोरडी करायला हवी. सारख्या उघडबंद होणाऱ्या कपाटात तिचा उपयोग नाही.

पावसातून किंवा दवातून आलेली बंदूक त्याच रात्री पुसायची. सकाळी नव्हे. डब्ल्यूडी-४० मारून पाणी हटवलं तर हरकत नाही, पण त्याचा थर फार काळ राखण करत नाही. वरून खरं तेल लागतंच.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की बऱ्याच परवानाधारकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि ती आठवडेच्या आठवडे तिथे राहते. जमा करण्याच्या आदल्या दिवशी तिसरा टप्पा करा, वर नेहमीपेक्षा जाड तेल, नळीच्या आतूनही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून तोंड बांधू नका, आत घाम धरतो. यंत्रांच्या दुकानात मिळणारा व्हीसीआय कागद, म्हणजे गंज अडवणारी वाफ सोडणारा कागद, चालतो. नंबर आणि आधीची झीज स्पष्ट दिसेल असे फोटो काढा, पावतीवर नंबर ताडून घ्या. परत आणलीत की त्याच दिवशी नळीतलं तेल पुसून काढा, नळीतून उजेड दिसतोय याची खात्री करा आणि मगच कपाटात ठेवा.